उन्हाळ्यात ‘पूर्ण मशीन मारा’ म्हणण्याआधी

एप्रिल लागला की कुत्र्या-मांजरांना अंघोळ घालण्याच्या, केस कापण्याच्या आमच्या दुकानात दिवसातून चारदा तरी ऐकू येतं, “किती उकडतंय हो त्याला, पूर्ण मशीन मारून टाका.” म्हणजे मशीनने अंगावरचे सगळे केस भादरा. लॅब्रॉडॉर, पोमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड यांना आम्ही मशीन मारत नाही. त्यावरून वाद होतात, म्हणून हे पत्रक.

या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाहीत, आतली मऊ लव हवा धरून ठेवते. सगळं भादरलं की ऊन थेट कातडीवर, आणि काहींचे केस परत येतात ते ठिगळाठिगळांनी. मुळात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. म्हणून त्याला टक्कल नको, नीट विंचरणं हवं. एका लॅबची कधी कधी इतकी लव निघते की टेबलावर दुसरं पिल्लू झोपलंय असं वाटावं. शिह त्झू, पूडल यांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस वाढतच राहतात, ते आखूड करून देऊ, पण कातडी दिसेपर्यंत नाही.

दुसरा वाद वेळेचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ४ आम्ही अपॉइंटमेंट देत नाही. (पुण्यात दुकान दुपारी बंद म्हटल्यावर लोक हसतात. हसा.) खरा त्रास येण्या-जाण्याचा आहे. मागच्या मे महिन्यात एक पग भर दुपारी स्कूटरच्या फूटबोर्डवर बसून आला. दारात उतरला तेव्हा जीभ चमच्यासारखी रुंद झालेली, हिरड्या लालभडक, मागचे पाय झोकांड्या खात होते. अंघोळ राहिली बाजूला, आधी त्याला गार करावं लागलं. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकांच्या जनावरांना धापा टाकूनही पुरेशी हवा खेळवता येत नाही, त्यांना ऊन सगळ्यात आधी लागतं. गाडीतून आलात तर ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून आत ठेवू नका. झाडाखाली, काच बोटभर उघडी ठेवूनही नाही. बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत साधारण १० अंश सेल्सियसने चढतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. उन्हातून आल्यावर १०४ च्या वर गेलं, दाट लाळ, उलटी, तोल जाणं दिसलं, तर डॉक्टरांना फोन लावता लावता पाणी ओतायला लागा. पोट, जांघा, पंजे, सगळं अंग भिजवा आणि पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत येतं, आधी आपल्या हातावर घेऊन बघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच तापतो. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका. पारा १०३ वर आला की थांबा, नाहीतर जास्तच गार पडेल. उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंडाला बसलेला फटका एक-दोन दिवसांनी कळतो.

फिरायला तळजाई किंवा वेताळ टेकडी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर उतरत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकणार नाहीत. गुरुवारी पाणी बंद असणार असेल, तर बुधवारी रात्री त्याच्या नावाची बादली भरून ठेवा.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते कधीच साधं समजू नका. सशाजवळ फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा, पक्ष्यांचा पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीतून आत घ्या. आणि आमरसाच्या दिवसांत कोयी उघड्या डब्यात टाकू नका. कुत्र्याने गिळलेली कोय आतड्यात अडकली की ऑपरेशनच.

मे अखेरपर्यंतच्या वेळा: सकाळी ८ ते १२, संध्याकाळी ४ ते ८. ड्रायर गार हवेवरच चालवतो, त्यामुळे मोठ्या कुत्र्याला अर्धा तास जास्त लागेल. लवकर आवरा म्हणू नका. गोचीड दिसली असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्यांना शेवटची वेळ देतो.