पावलं नऊ हजार, हार्ट पॉइंट चार: हे होतं कसं?

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर संध्याकाळी चालायला येणाऱ्यांत एक तक्रार हल्ली हमखास कानावर पडते. पावलं नऊ हजार झाली, पण अ‍ॅपमधलं हार्ट पॉइंटचं दुसरं वर्तुळ काही भरत नाही. फोन बिघडला म्हणून सेटिंग धुंडाळणारेही आहेत. फोन बिघडलेला नसतो. तो दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतो आणि आपण त्या एकच धरून चालतो.

पावलांचा आकडा म्हणजे दिवसभराची एकूण चालफेर. पाऊल टेकलं की शरीराला बारीक हिसका बसतो, फोनमधला सेन्सर तो टिपतो आणि चालण्याच्या तालात येणारे हिसके अ‍ॅप मोजत जातं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी बघत रेंगाळा, नाहीतर सुटत आलेली कदंबा बस गाठायला धावा, त्याच्या लेखी पाऊल ते पाऊल.

हार्ट पॉइंटला तुम्ही किती चाललात यापेक्षा किती जोर लावलात यात रस. गुगल फिटमध्ये ते २०१८ साली आले. मध्यम जोराच्या हालचालीला मिनिटाला एक पॉइंट, चांगली धाप लागेल अशा हालचालीला दोन. दुसऱ्या काही अ‍ॅप्समध्ये अशाच गोष्टीला अ‍ॅक्टिव्ह मिनिटं म्हणतात. नुसता फोन खिशात असेल तर जोर ओळखायला अ‍ॅपकडे मुख्य खूण एकच, पावलांचा वेग: मिनिटाला १०० च्या वर गेलात तर चालणं मध्यम जोराचं. घड्याळात बघून १५ सेकंदांत २५ पावलं पडतात का ते मोजा, लगेच कळेल. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मित्राशी राजकारणावर गप्पा मारत, दर वळणावर थांबत केलेल्या फेरीला पॉइंट का मिळत नाहीत, ते यातच आलं.

दोघांची उद्दिष्टंही वेगळ्या घरची. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राबरोबर रूढ झाला. त्यामागे संशोधनापेक्षा जाहिरात जास्त होती. आठवड्याला १५० पॉइंट मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून घेतलेले: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करावा. हिशेब केला तर १५० मिनिटं म्हणजे झपाझप टाकलेली १५ हजार पावलं, तीही आख्ख्या आठवड्यात. रोज दहा हजारांच्या धसक्याने मुळात सुरुवातच न करणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

म्हणून पावलं फुकट, असं मात्र नाही. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन महिलांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फरक दिसला नाही. एकूण पावलं हिशेबात धरल्यावर वेगाचा वेगळा फायदाही स्पष्ट दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अहवालात मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के. अशा गोव्यात शीत-कढीवर ताव मारून लगेच आडवं होण्याऐवजी केलेली शतपावली रक्तातली साखर आवरायला मदत करते. अ‍ॅप तिला शून्य पॉइंट देईल. देऊ दे.

पॉइंटांची खरी गंमत चढणीवर होते. पणजीत मळ्यातून मारुतीगडाच्या पायऱ्या चढून बघा. वर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी हलते, पण पायऱ्यांवर पाऊल सावकाश पडतं, मिनिटाला शंभरच्या खालीच. नुसत्या खिशातल्या फोनला वाटतं, हा माणूस निवांत फिरतोय. तोच माणूस मिरामारच्या सपाट पदपथावर घाम न गाळता भरभर चालला तर पॉइंट पटापट जमतात. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ असेल तर हा अन्याय बराचसा दूर होतो. चवथीच्या फुगड्यांची तर बातच सोडा. गिरकी घेणाऱ्या बाईचा फोन गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली कोणाच्या तरी पर्समध्ये पडलेला असतो. धाप लागून ती खाली बसते तेव्हा तिच्या खात्यावर ना पावलं, ना पॉइंट. नदीत पोहणाऱ्याची आणि पोफळीच्या कुळागरात फावडं मारणाऱ्याची गतही साधारण तीच. ही हालचाल अ‍ॅपमध्ये हाताने भरता येते, पण फुगडीसाठी तिथे रकाना शोधत कोण बसणार?

मग बघायचं काय? दिवसभर कचेरीत बसून स्कूटरने घर गाठणाऱ्याने आधी पावलं बघावीत, आणि दहा हजार नव्हे, आत्ता होतात त्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त. घरकाम, बाजार, देऊळ यांत जिची पावलं आपसूक सहा-सात हजारांवर जातात, तिने पावलं विसरून पॉइंट बघावेत, कारण तिच्या दिवसात चालणं भरपूर असलं तरी दम लागेल असं सहसा नसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यातही मला पॉइंटच बरे वाटतात. जूनच्या धुवाधार पावसात रोजच्या पावलांची माळ दोन दिवसांत तुटते आणि तुटली की माणूस अ‍ॅपच उघडत नाही. आठवड्याच्या हिशेबात बुडालेले दिवस उघडीप मिळाली की भरून काढता येतात. एका वेळी निदान दहा मिनिटं तरी चाललंच पाहिजे, ही जुनी अटही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर मात्र नाडीवरून मिळणाऱ्या पॉइंटांवर विसंबू नका. ते औषध नाडीच वाढू देत नाही, त्यामुळे घाम फुटला तरी घड्याळाला तुम्ही निवांतच दिसता. असं औषध घेणाऱ्यांसाठी बोलता येतं पण गाता येत नाही, हीच परीक्षा बरी, आणि किती दमायचं ते डॉक्टरांना विचारून.