ल्युपस असताना सर्दी-ताप आला तर : आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात कुणाला ल्युपस म्हणजे एसएलई, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार, आहे त्यांच्यासाठी हे पत्रक, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही पण यातलं निम्मं तुम्हाला लागू पडायचं नाही.

जून लागला की कोल्हापुरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस, कुंद हवा, घराघरात खोकला, आणि काउंटरवर दिवसभर एकच वाक्य, "सर्दी-तापाची एक स्ट्रीप द्या ओ." आम्ही पण वर्षानुवर्षं न विचारता देत होतो. मग एकदा असं झालं की आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका वहिनींचे मिस्टर आले, अंगदुखीची गोळी मागितली, पोरानं आयबुप्रोफेनवाली दिली. वहिनींना ल्युपसचा किडनीचा त्रास, एचसीक्यूएस (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि वायसोलोन (स्टेरॉइडची गोळी) आमच्याकडूनच जायची दर महिन्याला, पण ते त्या पोराच्या लक्षातच आलं नाही. वहिनींनी घरी स्ट्रीपवरचं नाव वाचलं आणि फोन केला म्हणून बरं. तेव्हापासून आम्ही विचारतो, कुणाला राग आला तरी विचारतो.

विषाणू आला की ल्युपस का खवळतो

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडं लहान पोराला पण पाठ असतं. शरीरात पण असंच एक पाणी चढतं-उतरतं. शरीरात विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं एक रसायन सोडतात, सगळ्या पेशींना सावध करायला. निरोगी माणसात ते वर चढतं आणि आजार सरला की उतरतं. ल्युपसच्या बऱ्याच पेशंटमध्ये ही पातळी काही कारण नसताना आधीच चढलेली असते, समजा 38-39 फुटावर. आता वरून फ्लू किंवा कोविड आला तर पाणी धोका पातळी ओलांडायला कितीसा वेळ लागणार, म्हणून साध्या व्हायरल तापानंतर आठ-पंधरा दिवसांनी सांधे धरणं, तोंडात फोड येणं, गालावर चट्टे उठणं, लघवीला फेस येणं असं सगळं सुरू होऊ शकतं, याला डॉक्टर फ्लेअर म्हणतात.

दुसरी बाजू अशी की ल्युपसमध्ये पांढऱ्या पेशी बऱ्याचदा कमी असतात, शिवाय स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, अॅझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब ही औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणतात. त्यामुळं शेजारच्या काकूंचा जो खोकला चार दिवसांत गेला तोच यांच्यात लांबू शकतो, छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. स्टेरॉइडचा डोस जितका जास्त तितका धोका जास्त, आणि किडनीवर परिणाम झालेला असेल तर अजून थोडा. स्टेरॉइडनं ताप दबतो हे पण ध्यानात ठेवा, थर्मामीटर 99 दाखवतोय म्हणून निवांत बसू नका.

आणि हा ताप ल्युपसचा की व्हायरलचा हे घरबसल्या ओळखता येत नाही, आम्हालाही काउंटरवरनं येत नाही. डॉक्टर सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कॉम्प्लिमेंट (ल्युपस खवळला की बऱ्याचदा कमी होणारी रक्तातली प्रथिनं), लघवी अशा तपासण्या सांगतात त्या यासाठीच. नुसत्या फ्लेअरमध्ये सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही, जंतुसंसर्गात चांगलाच वाढतो, पण छातीच्या आवरणाला सूज आली की फ्लेअरमध्ये पण वाढतो, त्यामुळं एका रिपोर्टवरनं आपणच निदान काढू नका.

"गरम पडतात" म्हणून गोळ्या बंद

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. ताप आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "त्या लई गरम गोळ्या हायत, चार दिस बंद कर." एका मावशींची मुलगी अशीच आली होती, आईनं वायसोलोन तीन दिवस घेतली नव्हती, उलट्या, चक्कर, उठून बसवेना, आणि ही आमच्याकडं ओआरएस मागतेय. आम्ही तिला ओआरएस दिलं आणि रिक्षा थांबवून थेट दवाखान्यात पाठवलं. झालं असं की स्टेरॉइड बरेच आठवडे चालू असलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं कमी करतं, आणि आजारपणात नेमकं तेच जास्त लागतं, अशा वेळी बाहेरनं येणारं पण एकदम तोडलं तर बीपी पडतं आणि जीवावर बेतू शकतं. कधी कधी तर तापात डॉक्टर डोस थोडा वाढवतात. तेव्हा वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल किंवा कुठलंही स्टेरॉइड आपल्या मनानं बंद करायचं नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्या बघू नाही.

एचसीक्यूएसची गोष्ट वेगळी. ती प्रतिकारशक्ती तशी दाबत नाही, उलट फ्लेअर आटोक्यात ठेवते, म्हणून तापात पण सहसा चालूच ठेवतात. ती अंगातून जायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळं चार दिवस नाही घेतली तरी लगेच काही होत नाही आणि माणसाला वाटतं हिची गरजच नव्हती, मग महिना-दोन महिन्यांनी सांधे बोलायला लागतात. 2020 ला हे आम्ही बघितलंय. 23 मार्चला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविड टाळायला ही गोळी सुचवली आणि दोन-तीन दिवसांत लोकांनी ती किराण्यासारखी भरून ठेवली, ज्यांना रोजची गरज होती त्यांना मात्र अर्धी स्ट्रीप मिळेना. पुढं इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत दाखल पेशंटना तिचा काही फायदा दिसला नाही. म्हणजे रोज एचसीक्यूएस घेताय म्हणून कोविड होणार नाही असं धरून चालू नका.

मायकोफेनोलेट, अॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट यांचं उलट असतं, जास्त ताप असेल तर डॉक्टर ती काही दिवस थांबवायला सांगू शकतात. पण ते ठरवणार डॉक्टर. आम्ही नाही आणि भिशीतल्या मैत्रिणी पण नाहीत.

काउंटरवर काय मागताय

तापाला साधी पॅरासिटामॉल, तीच बरी. सर्दीच्या तयार गोळ्यांत पण बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे दोन्ही घेतल्या की डबल डोस, आणि नाक मोकळं करणारं जे फिनाइलएफ्रिन त्यात असतं त्यानं बीपी वाढू शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीच्या पेशंटनी विचारल्याशिवाय नको, कॉम्बिफ्लाममध्ये पण आयबुप्रोफेन असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सल्फावाली अँटिबायोटिक, उदाहरणार्थ सेप्ट्रान, ल्युपसमध्ये अॅलर्जी किंवा फ्लेअर उठवू शकते. एचसीक्यूएससोबत अॅझिथ्रोमायसिन घ्यायची तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला सांगा की एचसीक्यूएस चालू आहे. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) लवकर करून घ्या. तसंही व्हायरलला अँटिबायोटिक चालतच नाही.

आता इम्युनिटी वाढवणाऱ्या वस्तू. आमच्याकडं विकायला आहेत, खोटं कशाला बोला, पण ल्युपसवाल्यांना आम्ही देत नाही. ल्युपसमध्ये मूळ दुखणं इम्युनिटी कमी असण्याचं नाही, ती चुकीच्या दिशेनं धावतेय, तिला अजून चाबूक कशाला मारायचा. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापल्या होत्या, त्यावर वाद झाला, तरी ल्युपस असेल तर लांब राहिलेलं बरं. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, गरम तांबडा रस्सा प्या, फक्त बीपी किंवा किडनीचं पथ्य असेल तर मीठ बघून.

लस

फ्लूची इंजेक्शनवाली लस दरवर्षी घ्यावी, आपल्याकडं पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून मे महिन्यातच, कारण तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. नाकात फवारायची जी असते ती जिवंत विषाणूची, ती नको. न्यूमोकोकलची लस पण डॉक्टरना विचारा. रिटुक्सिमॅब चालू असेल तर लस कधी घ्यायची याचं गणित वेगळं असतं, दोन डोसच्या मधली तारीख डॉक्टरच देतील. लस घेऊन पण आजार होऊ शकतो, या औषधांवर असताना तिचा जोर थोडा कमी पडतो, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी पण घ्या, आणि नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत किंवा जोतिबाच्या यात्रेत मास्क लावा, कोण हसलं तर हसू दे.

ताप 100.4 च्या वर गेला, श्वास घेताना छातीत कळ आली, दम लागला, ऑक्सिमीटर 94 च्या खाली दाखवतोय, माणूस गुंगीत आहे, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, यातलं काहीही असेल तर आमच्याकडं येऊ नका, सरळ दवाखाना किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावा. फ्लूची शंका असेल तर ऑसेल्टामिव्हिर पहिल्या 48 तासांत चालू झाली तर जास्त उपयोगाची, पण ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि किडनीप्रमाणं तिचा डोस बदलतो, म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसू नका.

चालू औषधांच्या चिठ्ठीचा फोटो पेशंटच्या आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं, तेव्हा शनिवारीच स्ट्रीपमधल्या गोळ्या मोजा, आणि वायसोलोन पाचपेक्षा कमी उरल्या असतील तर संध्याकाळी येऊन घेऊन जावा.