लिथियमचं मिठागर आणि काठावरचं गोडं पाणी

"ते पाणी पिता येत नाही, त्यावर शेती होत नाही, मग उपसलं तर कुणाचं काय गेलं?" जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढण्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. चिलीच्या कायद्यातही जमिनीखालच्या या खाऱ्या द्रावणाला, म्हणजे ब्राइनला, पाणी न धरता खनिज धरतात. जमिनीखाली मात्र खारं आणि गोडं पाणी एकमेकांना टेकून उभं आहे.

सालार दे आताकामा हे उत्तर चिलीतलं मिठाचं पठार. उंची सुमारे २३०० मीटर, क्षेत्रफळ सुमारे ३००० चौरस किलोमीटर. इथल्या द्रावणात सुमारे ०.१५ टक्के लिथियम असतं. ते काढण्याची पद्धत रायगडच्या मिठागरासारखीच आहे, फक्त उलट्या हिशोबाने. आपल्याकडे मीठ ओढून घेतात आणि उरलेलं कडवट पाणी सोडून देतात. तिथे मीठ बाजूला ढीग करून ठेवतात आणि ते कडवट पाणी जपतात, कारण लिथियम त्यात असतं.

हे घडतं विद्राव्यतेमुळे. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात साधं मीठ ३६ ग्रॅम विरघळतं, लिथियम क्लोराइड मात्र ८० ग्रॅमहून जास्त. म्हणून प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यांत द्रावण आटू लागलं की आधी साधं मीठ खाली बसतं, मग पोटॅशियमचे क्षार, मग पोटॅशियम-मॅग्नेशियमचं कार्नालाइट, शेवटी मॅग्नेशियमचं बिशोफाइट. प्रत्येक टप्प्याला वेगळं तळं. वेळेत पुढच्या तळ्यात सोडलं नाही तर लिथियमही मॅग्नेशियमबरोबर दुहेरी क्षार होऊन बसतं आणि हातचं जातं. वर्ष-दीड वर्षाने लिथियम सुमारे ६ टक्क्यांवर पोहोचतं, म्हणजे चाळीसपट. मग टँकरने कारखान्यात. तिथे बोरॉन आणि उरलंसुरलं मॅग्नेशियम काढून गरम द्रावणात धुण्याचा सोडा घालतात. गरमच का? लिथियम कार्बोनेट थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतं: शून्य अंशाला १०० मिलिलिटरमध्ये दीड ग्रॅम, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्मं. म्हणून पांढरी पूड धुवायचीही गरम पाण्यानेच.

आता पाण्याचा हिशोब. एक टन लिथियम कार्बोनेटमध्ये लिथियम असतं सुमारे १८८ किलो. काहीच वाया गेलं नाही तरी त्यासाठी १२५ टन द्रावण लागेल. मिठाच्या ढिगांत भिजून निम्मं लिथियम अडकलं, तर २५० टन. त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे सुमारे १७५ टन, हवेत उडून जातं. ते परत मिळवायची सोय या पद्धतीत नाही.

खरं नुकसान काठावर होतं. अँडीजकडून जमिनीखालून येणारं गोडं पाणी हलकं असतं; पठाराखालचं द्रावण लिटरला १.२ किलो भरतं. गोडं पाणी या जड भिंतीला येऊन अडतं, तिच्या उतारावरून वर चढतं आणि काठावर तळी, पाणथळ कुरणं होऊन बाहेर पडतं. फ्लेमिंगो याच तळ्यांवर जगतात. उन्हाळ्यात उपसा वाढला की कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. तिथे खारं पाणी आत येतं. आताकामात भीती उलटी आहे: मध्यभागी पातळी खाली गेली की भिंत खचते आणि गोडं पाणी बाहेर पडायच्या आधीच खाली उतरतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहांच्या रडार-मोजणीवर आधारलेल्या अभ्यासात उपसा होतो तो भाग वर्षाला १ ते २ सेंटीमीटर खचताना दिसला. मध्यावरच्या उपशाचा परिणाम काठापर्यंत पोहोचायला मात्र वर्षं लागू शकतात. तळं आटलेलं दिसल्यावर पंप थांबवला तरी पातळी आणखी काही काळ उतरतच राहते.

काठावर राहणाऱ्या लिकान आंताय आदिवासींची संमती उपशाआधी हवी ती यामुळेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार आदिवासी समाजांशी आधी सल्लामसलत बंधनकारक करतो. चिलीने तो २००८ मध्ये मान्य केला. भारताने अजून केलेला नाही. आताकामाच्या समाजांच्या परिषदेने पाणी मोजणारं स्वतःचं पथक उभं केलं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. नुसती पातळी मोजून भागत नाही. निरीक्षण विहिरीत खोलीनुसार विद्युतवाहकता घ्यावी लागते. ती जिथे एकदम उसळते तिथे गोडं संपून खारं सुरू होतं. ही सीमा सरकली तर धोका तळं आटण्याआधी कळतो.

"आता थेट निष्कर्षण आलं, आटवायची तळी नकोतच" अशी जाहिरात जोरात आहे. त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखा पदार्थ लिथियम धरून ठेवतो. पण ते सोडवून घ्यायला गोडं पाणीच लागतं. जम्मूतल्या रियासीत लिथियम सापडल्याची २०२३ मधली बातमीही अशीच फुगवली गेली: ५९ लाख टन हा प्राथमिक अंदाज खनिजाचा होता, लिथियम धातूचा नव्हे.

जानेवारी २०२४ मध्ये 'काबिल' या भारतीय सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या ५ ब्लॉकसाठी करार केला. दोनच महिन्यांनी त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने ओम्ब्रे मुएर्तो या मिठाच्या पठारावरचे नवे परवाने थांबवले. तिथल्या सर्व प्रकल्पांचा पाण्यावर होणारा एकत्रित परिणाम मोजेपर्यंत नवा परवाना नाही, असा तो आदेश होता. भारताचे ब्लॉक त्या पठारावरचे नाहीत, पण मोजणीचा प्रश्न तोच आहे. आपल्या ५ ब्लॉकमधल्या विहिरींच्या नोंदी उपशाआधी किमान दोन उन्हाळ्यांच्या असाव्यात, आणि त्या तिथल्या गावांच्या हातात असाव्यात.