संस्थांतर्गत वर्णद्वेषविरोधी संघटन व प्रशिक्षण

शाळा, रुग्णालय, पोलीसदल, कंपनी यांसारख्या संस्थेचे नियम आणि रुळलेली कार्यपद्धती एका वंशाच्या लोकांना सातत्याने झुकते माप देत असेल, तर ती ओळखून बदलण्यासाठी संस्थेतल्याच माणसांना तयार करणे व त्यांची फळी उभारणे, असे या कार्याचे स्वरूप आहे. त्याची वैचारिक बैठक संस्थात्मक वर्णद्वेषाच्या संकल्पनेत आहे. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते स्टोकली कारमायकेल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संदर्भात ती मांडली. व्यक्तींच्या उघड द्वेषाखेरीज संस्थांच्या नित्याच्या कारभारातूनही अन्याय घडतो, हा तिचा गाभा होय.

ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला याचा ठळक दाखला आहे. नॉर्थ कॅरोलायनातील या कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात घेतले जाई. तेथील सर्वांत वरचा पगारही इतर विभागांतील सर्वांत खालच्या पगाराहून कमी होता. नोकरीतील भेदभावाला बंदी घालणारी कायद्याची तरतूद २ जुलै १९६५ रोजी अमलात आली आणि त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांतील नव्या उमेदवारांना, शालेय शिक्षण पूर्ण केल्याच्या आधीच्या अटीखेरीज, लेखी चाचण्याही लावल्या. कागदावर अट सर्वांना सारखीच होती. परंतु शिक्षणाची अट येण्यापूर्वी लागलेले, शालेय शिक्षण अपुरे राहिलेले गोरे कामगार तीच कामे समाधानकारकपणे करीत होते. कृष्णवर्णीयांना वगळणारी आणि कामाशी संबंध नसलेली अशी अट, हेतू काहीही असला तरी, बेकायदा ठरते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला.

प्रशिक्षणात अशाच अटी हुडकायला शिकवतात. न्यू ऑर्लीन्समधील ‘पीपल्स इन्स्टिट्यूट फॉर सर्व्हायव्हल अँड बियाँड’ (स्थापना १९८०) या संस्थेच्या कार्यशाळांत सत्तेच्या विश्लेषणावर भर असतो : निर्णय कोण घेते, पैसा कोणाच्या हाती आहे, संस्था कोणाला उत्तरदायी आहे. ‘तुम्ही वर्णद्वेषी आहात का?’ या प्रश्नापेक्षा हे प्रश्न अधिक फलदायी ठरतात, कारण त्यांची उत्तरे संस्थेच्या दप्तरातच तपासता येतात.

ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय युवकाच्या १९९३ मधील हत्येच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्ये लंडनच्या पोलीसदलावर संस्थात्मक वर्णद्वेषाचा ठपका ठेवला व ७० शिफारशी केल्या. प्रशिक्षण हा त्यांतील एक भाग होता. पुढे २००० च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर वांशिक समतेला चालना देण्याचे कर्तव्य सोपवले. तरीही २०२३ मध्ये केसी अहवालाला याच दलाबाबत तोच निष्कर्ष काढावा लागला.

केवळ वर्ग भरवून फारसे साधत नाही, हे अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांच्या २००६ मधील अभ्यासातही दिसले. व्यवस्थापकांचे पूर्वग्रह दूर करण्यासाठी दिलेल्या प्रशिक्षणाचा वरिष्ठ पदांवरील प्रतिनिधित्वावर अल्पच परिणाम झाला; बदलाची जबाबदारी ठरावीक अधिकाऱ्यावर किंवा समितीवर सोपवली होती, तेथे प्रगती अधिक होती आणि इतर उपायांचा, प्रशिक्षणाचाही, परिणाम वाढला होता. म्हणूनच संघटनाला प्रशिक्षणाइतकेच महत्त्व दिले जाते. निरनिराळ्या हुद्द्यांवरील सदस्यांचा गट संस्थेत दीर्घकाळ काम करतो, भरतीच्या व तक्रारींच्या नोंदी तपासतो आणि नियमांत दुरुस्त्या सुचवतो. या गटाला नोंदी पाहण्याचा अधिकार आणि कामाच्या वेळेतून सवड मिळाली नाही, तर त्याचे काम सल्ल्यापुरतेच उरते.