तगरीवरच्या अळीचं पोट

बेळगावात श्रावणाची झड लागली की खिडक्या बंद होतात, दिवे लवकर लागतात आणि कुंड्या गॅलरीतून आत येतात. परवा टिळकवाडीतल्या शेजारच्या काकू फवारणीची बाटली घेऊनच दारात आल्या. "रोज रात्री झाडाजवळ पाखरं फिरायलेत. औषध मारूया की!" मी म्हटलं, "काकू, आधी खालची फरशी बघूया."

फरशीवर मिरीएवढ्या काळपट लेंड्या पडल्या होत्या, प्रत्येकीवर उभ्या खाचा. बरोबर त्यांच्या वर तगरीच्या फांदीला बोटाएवढी हिरवी अळी चिकटलेली. हात जवळ नेताच तिनं डोकं आत ओढलं, मानेचा भाग फुगवला आणि दोन निळे डोळे आमच्यावर रोखले. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्यांना बिचकवणारे ठिपके. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या हिरव्या पतंगाची ही अळी.

पतंग पान खात नाही. त्याला सोंड असते, ती फुलातला रस शोषायला. रेशमाच्या पतंगाला तर खाण्याजोगं तोंडच नसतं. पान कुरतडते ती अळी. म्हणून उडत्या पाखरावर विष मारून झाड वाचत नाही. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला पतंग घरात आला की अपशकुन मानून चपलेनं मारतात, तेही चूक. ती खूण म्हणजे नुसते रंगीत खवले. त्या बिचाऱ्याला पोळ्यातल्या मधाची ओढ असते, कुणाच्या मरणाशी त्याचा काही संबंध नाही.

शिवाय कुंडीजवळचं प्रत्येक पाखरू झाडाचं नसतं. बारीक करडी पाखरं भिंतीवर बसत असतील तर तांदळाचा डबा उघडा. दाणे जाळीनं एकमेकांना चिकटलेले दिसले की उगम सापडला. केसाळ, बदामाच्या आकाराची असतील तर ती मोरीतली माशी. पान हलवताच पांढरा भुगा उडाला तर पांढरी माशी. मातीतून काळी चिलटं उठत असतील तर पाणी कमी घाला.

अळ्या दोनचार असल्या तर हातानं उचलाव्यात. फार झाल्या तर बीटी. बीटी म्हटलं की बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या माणसाला कापूस आठवतो, पण हा मुळात एक जिवाणू. जपानच्या इशिवातांना तो १९०१ साली आजारी रेशीमकिड्यांत सापडला. १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना तो थुरिंगिया प्रांतातल्या पिठाच्या पतंगाच्या अळीत मिळाला, म्हणून त्याचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी.

त्याची करामत कळायला अळीचं पोट समजून घ्यावं लागतं. पानात टॅनिन असतं. आम्लात ते प्रथिनांना घट्ट धरून बसतं, मग पोटभर पानं खाऊनही अळी उपाशी राहिली असती. म्हणून तिच्या मधल्या आतड्यातल्या खास पेशी ऊर्जा खर्चून पोटॅशियम आत ढकलत राहतात आणि तिथला सामू (पीएच) १० च्याही वर नेतात. साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी पोट! तिथं टॅनिनची पकड सुटते आणि प्रथिनं पचतात.

नेमकं हेच पोट बीटीला हवं असतं. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. तो अल्कधर्मी पोटातच नीट विरघळतो. मग अळीचीच पाचक विकरं त्याचा तुकडा तोडतात आणि उरलेलं प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे त्याला धरणाऱ्या रेणूंना, चिकटतं. असे काही रेणू एकत्र आले की पेशीच्या पटलाला छिद्र पडतं, आयन आणि पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. अळीचं खाणं काही तासांतच थांबतं, दोनतीन दिवसांत ती मरते. आपल्या जठराचा सामू २ च्या आसपास, आणि ते ग्राहीही आपल्यात नाहीत.

पण हे पोटात गेल्याशिवाय काम करत नाही, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. उन्हानं ते निकामी होतं, तेव्हा संध्याकाळी मारावं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मारू नका, तिथल्या अळ्यांची फुलपाखरं होतात. तुतीच्या मळ्याजवळ तर मुळीच नको.

काकूंच्या तगरीवर एकच अळी निघाली. आम्ही तिला पानासकट उचललं आणि आवारातल्या मोठ्या तगरीवर सोडलं. फवारणीची बाटली काकू न उघडताच परत घेऊन गेल्या.