खिशातला कांदा आणि मुंबईची ऊब

मे महिन्यात मुंबईला निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘खिशात कांदा ठेव, ऊन बाधत नाही.’ पुरावा म्हणून संध्याकाळी सुकलेला कांदा दाखवतात: बघ, सगळी उष्णता यानं ओढली! अहो, कांदा उन्हात सुकणारच. सालीआड बसून तो अंगातली उष्णता कशी ओढेल? जेवताना मात्र खुशाल खा.

शरीर गार होतं ते घाम वाळताना. एक लिटर घाम वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नागपुरात तो चटकन वाळतो. मुंबईत हवाच दमट, त्यामुळे दादरच्या पुलावर सदरा पाठीला चिकटतो, घाम नुसता टपकतो आणि गारवा काही मिळत नाही. म्हणून 34 अंशही इथे जड जातात.

पंख्याखाली बसा, सैल सुती कपडे घाला, घोट घोट पाणी प्या. फार घाम गेला तर ओआरएस. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

कुणी असंबद्ध बोलू लागलं तर कांदा हुंगवत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा.