कप आजच घरी नेता येईल का?

मातीकाम आणि फरशीवरचे रंगकाम नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नाही. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, म्हणून उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. हिवाळ्यात केलेला कप साधारण तीन आठवड्यांनी हातात पडतो. जून ते सप्टेंबर या काळात पाच-सहा आठवडे धरा. हा उशीर पाण्यामुळे होतो. मातीकामात नवशिक्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी पाणीच असते. कधी ते जास्त होते, कधी कमी पडते, तर कधी भांड्याच्या एका बाजूला असते आणि दुसरी बाजू कोरडी असते. पर्वरीच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत येण्यापूर्वी एवढे वाचलेत तर पहिल्या महिन्यातला निम्मा वैताग वाचेल.

माती कोणती वापरतो

गोव्यात मातीच्या भांड्यांचे नाव काढले की डिचोली आठवते. तिथली तांबडी माती लोहामुळे तांबडी असते. ती 1,000 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की पक्की होते, पण तिच्यात बारीक छिद्रे राहतात. माठाला नेमके तेच हवे असते. पाणी बाहेर पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि आतले गार होते. चहाच्या कपाला मात्र हा गुण चालत नाही. टेबलावर ओला गोल उमटतो. म्हणून कप, ताटल्या, वाडगे आम्ही स्टोनवेअर मातीचे करतो. ती 1,220 ते 1,240 अंशांपर्यंत भाजली की कण एकमेकांत घट्ट बसतात आणि पाणी शिरायला वाव राहत नाही. आजीच्या फडताळातली लोणच्याची बरणी याच जातीची.

तांबडी माती या तापमानाला नेली तर ती फुगते, वाकते आणि भट्टीच्या फळीला चिकटून बसते. त्यामुळे घरच्या परसातली माती आणून ‘एवढी भाजून द्या ना’ म्हणणाऱ्यांना आम्ही सरसकट हो म्हणत नाही. तिची एक छोटी वडी जुन्या बशीत ठेवून भाजून पाहतो. काय होते ते बघायला आम्हालाही आवडते.

दुसरी नेहमीची विनंती चवथीच्या आधी येते: घरी केलेली गणपतीची मूर्ती भाजून द्याल का? नाही. चित्रशाळेतली चिकणमातीची मूर्ती न भाजताच रंगवतात, आणि म्हणूनच ती विसर्जनानंतर पाण्यात विरघळते. मातीच्या कणांत जखडलेले पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघून जाते. त्यानंतर ती माती कितीही भिजवली तरी पुन्हा मऊ होत नाही. शिवाय भरीव मूर्ती भट्टीत टिकत नाही. का ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी चाक नाही

यावरून थोडी नाराजी होते, कारण मोबाइलवर चाकाचेच व्हिडिओ पाहून लोक आलेले असतात. तरी पहिल्या दोन वर्गांत हातानेच कामे होतात. गोळ्यात अंगठा घालून वाटी करायची, लाटून वडी पाडायची, वळकटी रचून भांडे उभे करायचे. माती किती दाबली की पातळ होते आणि कधी फाटते, हे बोटांना आधी कळले पाहिजे. चाक वेगाने फिरत असताना ते शिकायला वेळ मिळत नाही. आमच्या मते हाताने केलेली वाटी चाकावरच्या पहिल्या कपापेक्षा बहुधा देखणी होते, पण हे मत सगळ्यांना पटत नाही.

माती आधी मळायची. कणकेत पाणी मुरावे म्हणून मळतो. इथे आत अडकलेली हवा निघावी आणि सगळा गोळा एकसारखा मऊ व्हावा म्हणून मळायचे. कंटाळून हे अर्धवट सोडले तर त्याची किंमत चाकावर मोजावी लागते: गोळ्यात कुठे गाठ, कुठे पोकळी, आणि बोट तिथे आले की हिसका.

मग मध्य साधणे. नवशिके सगळ्यात जास्त अडतात ते इथेच. गोळा चाकावर आपटून बसवला, चाक फिरवले की तो डगमगतो. प्रत्येक फेरीला एक फुगवटा येऊन तळहातावर धडकतो. साहजिकच हात त्याच्यामागे धावतो आणि डगमग वाढते. डावे कोपर मांडीवर किंवा पोटाशी घट्ट टेकवा, मनगट ताठ ठेवा, आणि फुगवट्याला येऊ द्या. हात हलला नाही तर मातीला हलावे लागते. गोळा दोन्ही तळहातांनी वर शंकूसारखा चढवायचा, पुन्हा खाली बसवायचा, असे दोन-तीनदा. मग एका फेरीला तो धक्का येतच नाही. चाक फिरत असते, पण हाताखालची माती जागीच थांबल्यासारखी वाटते. तेव्हा वर्गातले लोक हटकून मान वर करून इकडेतिकडे पाहतात, आणि त्या भरात गोळा पुन्हा बिघडवतात. बिघडू द्या. एकदा हाताला कळले की पुन्हा सापडते.

पाणी जपून वापरा. हात कोरडे पडले की माती ओढली जाते, म्हणून लोक स्पंज पिळत राहतात. थोड्या वेळाने भिंत चिखल होऊन बसते. भांड्याच्या आत साचलेले पाणी तर स्पंजने लगेच टिपायचे. गोळ्यात मधोमध भोक पाडल्यावर बूड बोटांनी चांगले दाबून घ्या. ते राहिले तर वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी भेग जाते, आणि ती दिसते तोपर्यंत उपाय उरलेला नसतो.

चाकावर खचून बसलेले भांडे वाया जात नाही. ते भिजवून, पुन्हा मळून वापरता येते. न भाजलेल्या मातीचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा घेत नाही.

कोणी घुमट, म्हणजे कातडे ताणून वाजवायचे मातीचे वाद्य, करायला मिळेल का विचारतात. घुमटाला 2019 मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हापासून चौकशी वाढली आहे. दोन्ही बाजूंना तोंडे, एक रुंद, एक अरुंद, मधे फुगीर पोट आणि भिंत सगळीकडे सारखी, हे नवशिक्याचे काम नव्हे. ते कुंभाराकडूनच घ्या. रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. त्याला कायद्याने बंदी आहे, आता बकऱ्याचे वापरतात.

वाळवण

पावसात कपडे वाळत नाहीत, तिथे मातीचे काय घेऊन बसलात. पण आमचा अनुभव असा की पावसाळ्यात भांडी उशिरा वाळतात, मात्र कमी तडकतात. एप्रिल-मेचा वारा जास्त घातक. काठ आधी वाळतो आणि आकसतो, बूड अजून ओलेच असते. मग काठाला चीर जाते. कपाचा कान तर अंगापेक्षा बारीक, तो आधी वाळून सांध्यातून सुटतो. म्हणून कान लावताना कप आणि कान सारखेच ओले असावे लागतात: बोटाचा ठसा उमटू नये, पण नखाने ओरखडा निघावा. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, दाबून बसवायचे आणि प्लास्टिकखाली सावकाश वाळू द्यायचे. ‘उन्हात ठेवा, लवकर होईल’ असे घरचे सांगतील. ऐकू नका.

वाळले की नाही हे पाहायला भांडे गालाला लावा. गार लागले तर पाणी अजून उडते आहे. या टप्प्यावर भांडे सर्वांत नाजूक असते, कान धरून उचलू नका.

वाळताना आणि भाजताना मिळून आमची माती 12 टक्क्यांच्या आसपास आकसते. ओला असताना 10 सेंटिमीटर उंच असलेला कप हातात येतो तेव्हा 9 सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. मोठा मग हवा असेल तर तो आधीच बेढब वाटेल एवढा मोठा करा.

भट्टी

प्रत्येक भांडे दोनदा भाजले जाते. पहिली भाजणी 950 ते 1,000 अंशांची, दुसरी झिलई चढवल्यावर. पहिल्या भाजणीत सुरुवातीचे काही तास आम्ही भट्टी 100 अंशांच्या खालीच ठेवतो. आत ओल राहिली आणि तापमान भराभर वाढले तर पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि भांडे फुटते. ते एकटे फुटत नाही. शेजारच्या दोघांचे नुकसान करते. बोटापेक्षा जाड भिंत किंवा भरीव मूर्ती आम्ही नाकारतो ती यासाठी. मूर्ती करायचीच असेल तर आतून कोरून पोकळ करायला शिकवतो.

झिलई म्हणजे मातीवर वितळवलेली काच. काचेतला मुख्य घटक सिलिका. ती एकटी वितळायला 1,700 अंशांच्या आसपास उष्णता लागते, तेवढी आमची भट्टी देऊ शकत नाही. म्हणून तिच्यात फेल्डस्पारसारखी वितळणबिंदू खाली आणणारी द्रव्ये घालतात, आणि काच ओघळू नये म्हणून अॅल्युमिना असते. झिलई जाड बसली की ती तरीही ओघळते. बुडापासून तीन-चार मिलिमीटर जागा कोरडी पुसून ठेवा, नाहीतर तुमचा कप आमच्या फळीचा कायमचा भाग होईल.

भट्टी लवकर उघडण्याचा आग्रह धरू नका. 573 अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान एकदम बदलते, चढतानाही आणि उतरतानाही. गडबडीने थंड केलेले भांडे चर्रकन तडकते. आत 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय आम्ही झाकण उचलत नाही. आणि मध्येच वीज गेली, जी पावसाळ्यात जाते, तर तारीख पुढे सरकते.

रंग

पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतभर रंगवलेल्या फरशा आहेत, जोर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये केलेल्या. रंगकामाच्या वर्गाला येण्याआधी त्या जवळून पाहून या. लांबून चित्र दिसते. जवळ गेल्यावर कुंचला कसा फिरला ते दिसते.

आमच्याकडे फरशी एकदा भाजलेली असते आणि तिच्यावर रंग लावून मग पारदर्शक झिलई देतो. पेन्सिलीने हवे तेवढे गिरवा, ती रेघ भट्टीत जळून जाते. खरी अडचण कुंचल्याची. कोरी फरशी पाण्याला इतकी तहानलेली असते की रेघ अर्ध्यावर अडते. ओल्या स्पंजने फरशी एकदा पुसून घ्या, मऊ केसांचा मोठा कुंचला रंगाने पुरता भरून घ्या, आणि रेघ एका दमात ओढा. कागदावर छान चित्र काढणाऱ्यांना इथे सुरुवातीला जास्त त्रास होतो, कारण त्यांना बारीक कुंचल्याने थांबत-थांबत काम करायची सवय असते.

दुसरे म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळे दिसते आणि भट्टीतून गडद निळे होऊन येते. जाड थर दिला तर काळपटच राहते, पातळ दिला तर निळसर धुके. तांब्यापासून आमच्या विजेच्या भट्टीत हिरवा मिळतो. तांब्याचा लाल हवा असेल तर भट्टीतला प्राणवायू कमी करावा लागतो, ती सोय इथे नाही. भिंतीवर नमुन्यांच्या फरशा टांगल्या आहेत, रंगांच्या डब्यांपेक्षा त्यांच्याकडे पाहून रंग निवडा.

चर्च, माड आणि होडी सगळ्यांनाच काढायची असते. आमचा सल्ला: आधी काठाची नक्षी, एकच पान पुन्हा पुन्हा. दहाव्या पानाला हात मोकळा होतो, मग होडीही बरी येते. घराच्या नावाची पाटी करणाऱ्यांनी देवनागरीत आधी अक्षरे लिहावीत आणि शिरोरेघ शेवटी, कुंचला पुन्हा भरून, एका ओढीत. आधी रेघ मारली की अक्षरे तिला लटकताना वाकडी होतात.

थोडे व्यवहाराचे

झिलया शिसेविरहित आहेत, सोलकढी किंवा चिंचेचे सार खुशाल वाढा. अॅक्रिलिकने रंगवलेल्या, न भाजलेल्या पणत्या आणि कुंड्या मात्र शोभेच्याच. त्यांत खाऊ-पिऊ नका. भांडे आमच्या भट्टीत फुटले तर तेच परत देणे शक्य नसते, पण एक वर्ग आणि माती विनामूल्य मिळते. तयार वस्तू दोन महिन्यांत न्याव्यात.

येताना नखे कापून या, अंगठ्या घरी ठेवा, जुने कपडे घाला. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना वाईट, त्यामुळे टेबल झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. आणि हात बादलीत धुवा, बेसिनमध्ये नाही. तळाला बसलेली माती आम्ही परत वापरतो. बेसिनमध्ये गेलेली काढायला प्लंबर बोलवावा लागतो.